धन्य कोण? रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई आणि धरणगावचा ठोंबरे

जळगावहून भुसावळकडे गाडी निघाली की पहिलंच स्टेशन लागतं भादली. तुमच्यापैकी अनेकजण तिथून रोज जात असतील. ५ मे १९१८ रोजी याच ठिकाणी बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघं २७. आजचा आपला विषय आहे ख्रिस्ती नीतिशिक्षण आणि सुख. मग सुरुवात अशा दुःखद ठिकाणाहून का? कारण या शिकवणीची खरी परीक्षा तिथेच होते.

थोडं मागे जाऊ. १८९३ साली नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. वाचता वाचता ते मत्तयच्या पाचव्या अध्यायापाशी आले आणि तिथेच गुंतले. हेच ते डोंगरावरचं प्रवचन. त्याच्या सुरुवातीला 'धन्य' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. मूळ ग्रीक शब्द 'माकारिओस', म्हणजे सुखी, भाग्यवान. पण येशू सुखी म्हणतो कोणाला? श्रीमंताला नाही, सत्ताधाऱ्याला नाही. तर नम्र माणसाला, दयाळू माणसाला, शोक करणाऱ्यालासुद्धा! आता बघा, तुकोबांचे अभंग ज्याच्या कानात आहेत, त्याला हे परकं वाटेल का? टिळकांना वाटलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

पण या सुखाची किंमत मोठी होती. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला. कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी वागणं बदललं, मग धर्म. 'स्मृतिचित्रे' वाचताना हे फार सहज उलगडत जातं.

आता आपल्या खानदेशात येऊ. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. टिळकही तिथे होते. त्यांनी काय केलं? नुसती शाबासकी देऊन ते थांबले नाहीत, त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. टिळक दांपत्याने ठोंबऱ्याला मुलासारखं वागवलं.

काही जण म्हणतील, यात धर्मांतराचा डाव असणार. शंका रास्त आहे; त्या काळात ती घरोघर होती. पण बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले, आणि तरीही त्या घराचं प्रेम आटलं नाही. माझ्या मते टिळकांच्या नीतीचं मर्म इथे आहे. परतफेडीची अट घातली की ती दया उरत नाही, तो व्यवहार होतो.

मग बालकवी सुखी झाले का? 'आनंदी-आनंद' लिहिणाऱ्या याच कवीने 'औदुंबर'ही लिहिली. उदासी त्यांना सोडून गेली नाही. म्हणजे एका घरच्या मायेने माणसाचं सगळं दुःख सरतं, असं म्हणता येत नाही. डोंगरावरच्या प्रवचनातही तसं वचन नाही. तिथे शोक करणाऱ्याला सांत्वनाचं आश्वासन आहे, शोकच होणार नाही असं नाही.

भादलीच्या घटनेनंतर वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले. मागे राहिल्या लक्ष्मीबाई. त्यांनी नवऱ्याच्या आणि या मानसपुत्राच्या आठवणी लिहिल्या, आणि डोळ्यांत पाणी असतानाही आपण हसतो अशा लिहिल्या. त्या घराने कमावलेलं सुख ते हेच असावं. पुढच्या वेळी भादलीवरून जाल तेव्हा खिडकीतून जरा बाहेर बघा.