खडकांची बखर



मराठीच्या अध्यापकाने भूगर्भावर बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु विखुरलेल्या साक्षींचा मेळ घालून घडलेले ओळखणे, हे इतिहासकाराचे तसेच भूकंपशास्त्रज्ञाचेही काम आहे; आणि त्या शास्त्राचे एक पीठ, राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था, १९६१ पासून आपल्या हैदराबादेतच आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर ६.३ परिमाणाच्या भूकंपाने हादरले. सुमारे दोनशे माणसे दगावली. दख्खनचे पठार अचल आहे, ही समजूत त्या पहाटे ढासळली. वास्तविक शिवाजीसागर भरू लागल्यापासूनच तेथे हादरे जाणवत होते. पाण्याचा भार आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी खडकातील जुना भ्रंश सरकला. धरणाने ताण निर्माण केला नाही. साठलेल्या ताणाला वाट दिली.

हा ताण डोळ्यांना दिसत नाही. त्याची वार्ता लहरी आणतात. भूकंप होताच काही केंद्रांवर जमीन प्रथम वर उचलली जाते, तर काहींवर खाली जाते. या साक्षी एकत्र मांडल्या की भ्रंश कोणत्या दिशेने सरकला, हे उमगते. दुय्यम लहर समांतर भेगांच्या खडकातून जाताना दुभंगते. भेगांना समांतर कंप पावणारी शाखा आधी पोहोचते, दुसरी मागाहून. त्यांच्यातील कालांतरावरून भेगांच्या दाटीचा अंदाज बांधता येतो.

कोयनेला खडक आडवे घसरले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला मात्र एक बाजू दुसरीवर चढली. आशियाला उत्तरेकडे रेटणाऱ्या भारतीय भूपट्टातील आडव्या दाबाची ती खूण. किल्लारी एकेकाळी हैदराबाद संस्थानातले. तेथील आक्रोश आपल्याला परका नव्हता.

२०१७ साली कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. लहरींवरून केलेले वाचन आता प्रत्यक्ष खडकाशी ताडून पाहता येते.

एवढे वाचूनही पुढील भूकंपाची तिथी सांगता येत नाही. ताण कोठे साठला आहे, एवढे मात्र कळू शकते. किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनी. म्हणून खडकांची ही बखर शास्त्रज्ञांनी वाचावी आणि तिचा बोध गवंड्यापर्यंत पोहोचवावा; नाहीतर ते वाचन व्यर्थ होय.