'त्रिंकोमाली'चा जीर्णोद्धार : सागवान, उपयोग आणि द्रव्यबळ

जुन्या लाकडी जहाजाचा जीर्णोद्धार हा वरवर पाहता सुतारकामाचा विषय वाटतो. वस्तुतः तो तितकाच अर्थव्यवहाराचा विषय आहे. लाकडाची कूज द्रव्याची वाट पाहत नाही. यामुळे अशा कार्यास किती द्रव्य मिळाले याइतकाच ते केव्हा मिळाले, आणि तोपर्यंत जहाज कोणाच्या उपयोगात होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मुंबईत बांधले गेलेले 'त्रिंकोमाली' आणि पुढे काही वर्षे त्याच्या शेजारी नांगरलेले 'इम्प्लॅकेबल' या दोन युद्धजहाजांच्या भिन्न अंतांवरून हे स्पष्ट होते.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई निर्माण झाली होती. ब्रिटिश नौदलाने १८१२ मध्ये 'त्रिंकोमाली'ची मागणी मुंबईच्या गोदीकडे नोंदविली, ती या परिस्थितीत. जहाजाचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन नौदलाशी झालेल्या लढाईत नष्ट झाले व नकाशे नव्याने पाठवावे लागले. गोदीचे प्रमुख जहाजबांधणीकार जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१६ मध्ये काम सुरू झाले. पारशी प्रथेप्रमाणे जहाजाच्या पठाणात, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईत, चांदीचा खिळा ठोकण्यात आला. आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागवानाचे हे जहाज पाण्यात उतरले. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात व खिळ्यांभोवतीचे लाकूड दुबळे होते. सागाच्या अंगच्या तेलामुळे लोखंड व लाकूड दोहोंचेही रक्षण होते. बांधणीच्या वेळी केलेली ही निवड पुढील पावणेदोनशे वर्षांच्या दुरुस्तीखर्चावर परिणाम करणारी ठरली.

जहाज १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचले तेव्हा युद्ध संपलेले होते. त्यामुळे सुमारे पाव शतक ते बिनकामाचे पडून राहिले. १८४७ ते १८५७ या दशकात त्याने प्रथम उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीजच्या आणि नंतर पॅसिफिकच्या सागरात सेवा केली. पुढे ते प्रशिक्षणासाठी वापरले गेले आणि अखेर १८९७ मध्ये मोडीत विकण्यात आले.

त्याच वर्षी व्हीटली कॉब या धनिक गृहस्थाचे 'फूद्रॉयंट' हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. नेल्सनचे ध्वजजहाज म्हणून त्याची ख्याती होती व कॉब यांनी मोठ्या खर्चाने त्याची दुरुस्ती केलेली होती. त्या जागी कॉब यांनी मोडीत निघालेले 'त्रिंकोमाली' घेतले, दुरुस्त केले आणि त्यास 'फूद्रॉयंट' हेच नाव दिले. मुलांना जहाजावर ठेवून नौकानयनाचे शिक्षण देणे हा त्यांचा हेतू होता. १९१२ मध्ये नौदलाकडून 'इम्प्लॅकेबल'ही त्यांच्या ताब्यात आले. १८०० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज ट्रॅफल्गारच्या युद्धात फ्रेंचांच्या बाजूने लढले होते व १८०५ मध्येच ब्रिटिशांनी ते पकडले होते. १९३१ मध्ये कॉब यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोन्ही जहाजे पोर्ट्समथच्या बंदरात एकत्र आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर 'इम्प्लॅकेबल'ची अवस्था बिकट झाली. दुरुस्तीचा भार उचलण्यास शासन तयार नव्हते; फ्रान्सला देऊ केले असता तेथूनही नकार आला. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी ब्रिटिश व फ्रेंच असे दोन्ही ध्वज फडकत असता सुरुंग लावून त्यास जलसमाधी देण्यात आली. नाळेवरील पुतळा व पिछाडीचे नक्षीकाम तेवढे ग्रीनिचच्या संग्रहालयात शिल्लक राहिले. या घटनेने निर्माण झालेला क्षोभ पुढे 'कटी सार्क'सारख्या जहाजांच्या रक्षणास उपकारक ठरला.

या तुलनेत सर्व श्रेय सागवानास देणे मात्र न्याय्य होणार नाही. 'इम्प्लॅकेबल' चौऱ्याहत्तर तोफांचे, आकाराने बरेच मोठे व अधिक जुने होते; त्याचा खर्चही त्या मानाने मोठा होता. मुंबईचे जहाज लहान होते, टिकाऊ लाकडाचे होते आणि १९८६ पर्यंत प्रशिक्षणाच्या उपयोगात राहिले. उपयोगात असलेल्या जहाजाची गळती रोज दिसते आणि रोज बुजविली जाते. वर्षानुवर्षे झालेला हा किरकोळ खर्च एका प्रचंड खर्चाचा प्रसंग पुढे ढकलीत राहिला.

तो प्रसंग टळला मात्र नाही. १९८७ मध्ये जहाज हार्टलपूलला नेण्यात आले. 'वॉरियर' या जहाजाचा जीर्णोद्धार तेथे नुकताच पूर्ण झाला होता. त्यामुळे या कामात मुरलेले कारागीर तेथे उपलब्ध होते. १९९० ते २००१ असे काम चालले व त्यास सुमारे एक कोटी पौंड लागले. कामाच्या काळात, १९९२ मध्ये, जहाजास त्याचे मूळ नावही परत मिळाले. मूळ लाकडाचा अर्ध्याहून अधिक भाग आजही त्याच्या अंगात आहे.

जीर्णोद्धारात काटकसर आणि इतिहासनिष्ठा यांचा मार्ग बऱ्याच अंतरापर्यंत एकच असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जी फळी काढावी लागत नाही ती सर्वांत स्वस्त. आणि वाडियांच्या कारागिरांच्या हातची खूण वागविणारी तीच. हे दोन मार्ग वेगळे होतात ते कुजलेल्या लाकडापाशी. तेथे केलेली काटकसर जहाजच गमावते आणि केलेला खर्च पुरावा गमावतो. पाण्यावर तरंगणारे सर्वांत जुने ब्रिटिश युद्धजहाज म्हणून 'त्रिंकोमाली'चा आज गौरव होतो. मुंबईच्या गोदीतील कारागिरीच्या अभ्यासकास मात्र ते अन्य कारणासाठी मोलाचे आहे : त्या कारागिरीचा हा सागवानी दस्तऐवज वाचण्यासाठी हार्टलपूलच्या गोदीतच जावे लागते.