शेपटीपायी जपलेला कोंबडा

चाकणच्या कारखान्यांकडून पश्चिमेला निघालं, की खेड तालुक्याच्या टोकाशी भीमाशंकरचं जंगल लागतं. तिथल्या राखी रानकोंबड्याची मान जवळून पाहावी: काळसर पिसांवर मेणचट, चकचकीत, पिवळट ठिपके. विणीचा हंगाम सरला की पावसाळ्यात ही पिसं झडतात आणि आखूड, मळकट पिसं येतात. पुढे ठिपके पुन्हा उगवतात. गावठी कोंबडाही वर्षाकाठी पिसं टाकतोच.

हा नेम मोडला जपानच्या ओनागादोरी जातीच्या कोंबड्याने. शिकोकू बेटावरचा तोसा प्रांत, म्हणजे आजचं कोची, हे त्याचं मूळ गाव. सतराव्या शतकापासून तिथे त्याची जोपासना होत आली, असं मानतात. तिथल्या सरदाराची स्वारी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, निघाली, की भाल्यांना कोंबड्याची लांब पिसं लावत. त्या मानापायी पाळणाऱ्यांनी शोकोकू या जुन्या जातीच्या वंशातून लांब शेपटीचे नर निवडले. निवडता निवडता शेपटीची पिसं गळतच नाहीत असा वंश हाती आला. एरवी पीस ठरावीक लांबीला थांबतं. इथे ते वर्षाला पाऊण-एक मीटर वाढत राहतं. 1972 साली एका नराची शेपूट 10.6 मीटर नोंदली गेली.

त्यामागची मेहनत मोठी. उंच, अरुंद खुराड्यात नर वरच्या दांडीवर बसतो, शेपूट खाली लोंबते. पाय मोकळे करायला काढला, तर शेपूट सांभाळायला माणूस मागे हवा. मादीची शेपूट साधीच असते, पण गुण तिच्याकडूनही उतरतो. म्हणून जोडी लावताना तिचे बाप-भाऊ पाहावे लागतात. मला यात खरी विद्या दिसते.

आपल्याकडच्या पिसांनाही मागणी होती. इंग्लंडात सामन मासे पकडायच्या गळावर नकली माश्या बांधत, त्यासाठी राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं लागत. तोसात पिसासाठी कोंबडा वाढवला, इथे मारला. जपानने ओनागादोरीला 1923 साली नैसर्गिक स्मारक ठरवलं आणि 1952 साली विशेष दर्जा दिला. आपल्या रानकोंबड्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कवच मिळालं आणि 1985 साली भीमाशंकर अभयारण्य झालं.

या रानकोंबड्याचं आपल्यावर एक ऋणही आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं, हे 2008 साली संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून भीमाशंकरच्या वाटेवर कुठे फासे लावलेले दिसले, तर वनविभागाला 1926 या क्रमांकावर जरूर कळवा.