नाका, पावती आणि थांबलेले चाक : त्र्यंबकेश्वरच्या वाहनशुल्कामागचा इतिहास

१.
नाशिकहून दुचाकीने त्र्यंबकेश्वर गाठण्यास पाऊण तास पुरतो. श्रावणात अंजनेरीवर ढग उतरलेले असतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे हिरवीगार दिसतात. गावाच्या वेशीशी मात्र प्रवासाचा वेग मंदावतो. येथे येणाऱ्यांना वेशीवरची पावती परिचयाची आहे. ती खिशात घालून पुढे गेले की मंदिराच्या अलीकडे दुसरा प्रश्न उभा राहतो : गाडी लावायची कोठे?

२.
सप्टेंबर २०२५ मध्ये याच वेशीवर वाहनशुल्काच्या वसुलीवरून वाद झाला आणि वृत्तवाहिन्यांच्या पत्रकारांना मारहाण झाली. बातमी राज्यभर गाजली. चर्चा झाली ती मुख्यतः गुंडगिरीची, आणि ते योग्यच होते. परंतु त्या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न बाजूलाच राहिला. हे शुल्क नेमके कशाचे? गावात शिरण्याचे, रस्त्यावरून जाण्याचे, की गाडी उभी करण्याचे? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांचा इतिहासही वेगळा आहे. आजचा धागा त्याविषयी.

३.
आपल्याकडच्या नाक्यावर पूर्वापार चार प्रकारची वसुली होत आली आहे. माणसावर बसे तो यात्राकर. मालावर बसे ती जकात. चालत्या चाकावर बसे तो पथकर. आणि थांबलेल्या चाकावर बसते ते वाहनतळाचे शुल्क. पहिल्या तिन्ही वसुली काळाच्या ओघात बंद झाल्या किंवा आक्रसल्या. चौथी तेवढी वाढत गेली. त्र्यंबकची पावती समजून घ्यायची, तर हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

४.
आधी माणसावरचा कर. अकबराने १५६३ मध्ये हिंदू यात्रेकरूंवरील कर रद्द केला, हे आपण शाळेत शिकतो. पण तो कर पुढे पुन्हा डोके वर काढत राहिला. सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारी जाऊन काशी आणि प्रयाग येथील यात्राकर माफ करवून घेणारा पंडित होता कवींद्राचार्य सरस्वती. तो मूळचा गोदातीरावरचा आणि पुढे काशीत स्थायिक झालेला. जी नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिच्याच काठच्या माणसाने हा लढा शब्दांच्या बळावर जिंकला.

५.
त्या काळच्या विद्वानांना ही करमाफी एवढी मोलाची वाटली की, कवींद्राचार्याच्या गौरवार्थ त्यांनी रचलेल्या संस्कृत प्रशस्तींचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा स्वतंत्र संग्रह झाला. एका करमाफीसाठी अख्खा ग्रंथ! तीर्थाच्या दारात द्यावा लागणारा पैसा रकमेने लहान असला, तरी माणसाच्या मनाला तो किती बोचतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

६.
ईस्ट इंडिया कंपनीनेही गया, प्रयाग आणि जगन्नाथपुरी येथे यात्राकर चालू ठेवला होता. तो १८४० मध्ये कायदा करून बंद झाला. या निर्णयामागे मिशनऱ्यांचा मोठा रेटा होता. ख्रिस्ती सरकारने मूर्तिपूजेतून उत्पन्न मिळवू नये, असा त्यांचा आग्रह होता. कर गेला, यात्रेकरू सुटला. पण ज्यांच्यामुळे सुटला त्यांचा हेतू यात्रेकरूला सोडवण्याचा नव्हता. इतिहासात असे पुष्कळदा घडते.

७.
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कर नव्या वेशात परतला. यात्रांमधून पटकी पसरते म्हणून सरकार धास्तावले होते. विहिरी, शौचकूप, दवाखाने, झाडलोट यांचा खर्च कोणी करायचा? पंढरपूरच्या नगरपालिकेने यात्रेकरूंवर कर बसवला, त्यामागे हेच समर्थन होते. येथे एक महत्त्वाचा पालट दिसतो. पूर्वी कर घेतला जाई तो राज्यकर्त्याच्या अधिकाराने. आता तो घेतला जाऊ लागला सेवेच्या खर्चापोटी. ‘मी राजा आहे, म्हणून दे’ याची जागा ‘आम्ही गाव स्वच्छ ठेवतो, म्हणून दे’ याने घेतली. आजच्या वाहनशुल्काचे मूळ या दुसऱ्या वाक्यात आहे.

८.
आता चाकाकडे वळू. मुंबई इलाख्यातील लहान शहरांसाठी १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा होता. वाहने, तसेच बसण्यासाठी, ओढण्यासाठी व ओझ्यासाठी वापरली जाणारी जनावरे यांवर कर बसवण्याची, आणि हद्दीत येणाऱ्या वाहनांकडून पथकर घेण्याची मुभा त्यात नगरपालिकांना होती. बैलगाडी, टांगा, छकडा, सारे त्यात आले. पुढे सायकलीवरही कर बसला. तो भरल्याची खूण म्हणून सायकलीला लावायचा पितळी बिल्ला जुन्या पिढीला अजून आठवतो.

९.
मोटार आली आणि हे गणित बिघडले. टांगा गावातल्या गावात फिरे; मोटार एका दिवसात पाच गावांच्या हद्दी ओलांडू लागली. प्रत्येक वेशीवर तिला थांबवले, तर तिच्या वेगाला अर्थच उरेना. म्हणून १९३५ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने प्रांतभर एकच कर आणला. मोटारींवर स्वतंत्र कर वा पथकर बसवण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार आटला आणि त्यापोटी त्यांना भरपाई देण्याची तरतूद झाली. १९५८ च्या कायद्याने हीच चौकट पुढे चालवली. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही वाहनांवरील कराची परवानगी देताना मोटार वाहने सामान्यतः वगळलेली आहेत.

१०.
योगायोग पाहा. त्याच १९३५ साली, १६ जुलै रोजी, अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात जगातले पहिले पार्किंग मीटर बसले. तासाला पाच सेंट. दुकानांसमोरच्या जागा दिवसभर अडून राहत आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळत नसे. त्यावरचा हा उतारा होता. म्हणजे आपल्याकडे चालत्या मोटारीवरचा गावाचा हक्क आटला त्याच वर्षी, जगाच्या दुसऱ्या टोकाला थांबलेल्या मोटारीकडून पैसे घेण्याची रीत जन्मली. पुढे हीच रीत आपल्या नगरपालिकांच्या उपयोगी पडणार होती.

११.
कारण दरम्यान तिसरा नाकाही गेला. मालावरची जकात हा महाराष्ट्रातील नगरपालिकांचा कणा होता. नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. स्वतःच्या वेशीवर स्वतः जमवलेला पैसा आणि मंत्रालयाकडून येणारा पैसा, यांत फरक असतोच. २०११ च्या जनगणनेनुसार त्र्यंबकची लोकसंख्या जेमतेम बारा हजार. पर्वकाळी मात्र येथे लाखो माणसे येतात. रस्ते, पाणी, कचरा यांचा भार लाखोंचा आणि घरपट्टी भरणारी घरे बारा हजारांच्या वस्तीची. नगरपरिषदेची ही अडचण खरी आहे. ती न मानता केवळ पावतीला नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

१२.
जागेची अडचण तर त्याहून जुनी. आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधायला घेतले. त्याच्या आणि कुशावर्ताच्या भोवतीचे जुने गाव वसले ते पायी चालणाऱ्यांसाठी. संत निवृत्तिनाथांच्या समाधीला पौषात येणाऱ्या दिंड्या आजही याच वाटांनी जातात. गावाच्या एका अंगाला ब्रह्मगिरी उभा, त्यामुळे पसरायलाही मर्यादा. अशा गल्लीत उभी केलेली प्रत्येक दुचाकी कोणा वारकऱ्याच्या पायाखालची जागा घेते.

१३.
ती किती घेते? बांधकाम नियमांत मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीसाठी एक मीटर बाय दोन मीटर जागा धरतात. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी. शुल्क जागेचे असेल, तर दुचाकीचा दर मोटारीच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास असावा आणि तो तासांवर ठरावा. शुल्क प्रवेशाचे असेल, तर वेळेचा आणि जागेचा संबंधच उरत नाही; वेशीतून आत आलात की पैसे दिलेत, मग गाडी दहा मिनिटे थांबो वा दहा तास, वा मुळीच न थांबो. कोणतीही पावती हाती आली की हा फरक तिच्यावर शोधावा.

१४.
कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. राज्यघटनेचे कलम २६५ सांगते की, कायद्याच्या आधाराविना कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही. आणि १९५४ मध्ये शिरूर मठाच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांतील सीमारेषा आखली. कराच्या बदल्यात विशिष्ट सेवा मागता येत नाही. शुल्क मात्र सेवेच्या बदल्यातच घेता येते. पुढच्या निकालांनी पैशापैशाचा हिशोब जुळलाच पाहिजे हा आग्रह सैल केला, तरी सेवेशी वाजवी नाते असावे ही अपेक्षा कायम राहिली. योगायोग असा की, तो खटलाही एका धर्मस्थळाकडून घेतल्या जाणाऱ्या पैशाचाच होता.

१५.
गाडी कोठे लावायची, हे ठरवण्याची रीतही कायद्यात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित करते. १९३९ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. याचा अर्थ साधा आहे : आधी जागा ठरते, फलक लागतो, मग शुल्क येते. पुण्यातील सम-विषम तारखांचे ‘पी-१, पी-२’ फलक हे रस्त्यावरच्या दुचाकीला शिस्त लावण्याचे आपल्याकडील सर्वांत ओळखीचे उदाहरण. त्यात एक पैसाही घेतला जात नाही, पण नियम प्रत्येकाला कळतो.

१६.
पैसे घ्यायचे ठरवले की काय होते, हेही पुण्यानेच दाखवले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने म्हटले होते की, वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या खऱ्या मोलाशी जुळावे. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यांवरील सशुल्क वाहनतळाचे धोरण मंजूर केले. विरोध इतका झाला की, ते पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक करावे लागले, आणि तेही रखडले. चेतकच्या काळापासून दुचाकीवर वाढलेल्या शहराला रस्त्याची कड आपल्या हक्काची वाटते. त्र्यंबकला येणारा भाविक परका असतो, तेथे त्याचे मत पडत नाही. म्हणून त्याच्याकडून वसुली सोपी जाते. कवींद्राचार्याच्या काळी काशीला जाणारा यात्रेकरूही असाच परका होता.

१७.
उपाय त्र्यंबकलाच ठाऊक आहे. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणाऱ्या गर्दीसाठी खासगी वाहने अलीकडे खंबाळे येथे थांबवून पुढे एसटीने लोकांना नेण्याची पद्धत रुळली आहे. तेथे गाडीला जागा मिळते, माणसाला बस मिळते आणि गावातील वाट पायी चालणाऱ्यांना मोकळी राहते. अशा ठिकाणी घेतलेल्या शुल्काबद्दल सहसा कोणी हुज्जत घालत नाही, कारण पैसे कशाचे दिले ते डोळ्यांसमोर असते.

१८.
जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहणाने सिंहस्थ सुरू व्हायचा आहे आणि मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. त्या काळात या वेशीवर कधी नव्हे इतकी चाके येतील. तेव्हा पावतीवर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात : कोणत्या नियमाखाली, कोणत्या जागेसाठी, किती वेळासाठी. या तिन्ही असतील, तर ते वाहनतळाचे शुल्क. यांतली जागाच नसेल, तर तो जुना यात्राकर; फक्त माणसाऐवजी दुचाकीच्या नावाने फाडलेला.

१९.
जाता जाता एक विनंती. जकातीच्या पावत्या, सायकलींचे पितळी बिल्ले, यात्राकराच्या चिठ्ठ्या हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत. आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या चोपड्यांत त्या अजून सापडतात. सापडल्या तर फेकू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या आणि गाव व साल लिहून येथे जोडा. आणि पुढच्या वेळी त्र्यंबकला गेलात, तर वेशीवरची पावतीही जपून आणा. पन्नास वर्षांनी कोणी तरी ती वाचणार आहे.