पापा जोची धून

जॅझ म्हटलं की आपल्याला लुई आर्मस्ट्राँग आठवतो. फुगलेले गाल, हातात पांढरा रुमाल आणि तो खरखरीत आवाज. पण न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझची ओळख करून घ्यायची असेल, तर मी आधी त्याच्या गुरूचं नाव सांगेन. जो ऑलिव्हर. लोक त्याला ‘किंग’ म्हणत, आर्मस्ट्राँग म्हणे ‘पापा जो’.

जॅझची पहिली तबकडी निघाली १९१७ साली. ती वाजवली होती पाच गोऱ्या वादकांनी! ज्या काळ्या वस्त्यांमध्ये हे संगीत वाढलं, तिथल्या वादकांच्या वाट्याला तबकडी यायला आणखी काही वर्षं जावी लागली. ऑलिव्हर तोवर शिकागोला गेला होता. १९२२ साली त्यानं आर्मस्ट्राँगला तिकडे बोलावून घेतलं आणि आपल्या शेजारी दुसरा कॉर्नेटवादक म्हणून बसवलं. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचं आखूड भावंड.

एप्रिल १९२३मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी या मंडळींचं ध्वनिमुद्रण झालं. मायक्रोफोन नव्हताच. सगळ्यांनी एका कर्ण्यासमोर वाजवायचं. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत, त्यामुळे गाडी आली की थांबायचं. आर्मस्ट्राँगचा फुंकर इतका दणकट, की त्याला इतरांपासून दूर मागं उभं केलं होतं, असं पियानोवर बसलेली लिल हार्डिन सांगत असे. (पुढच्याच वर्षी तिनं त्याच्याशी लग्न केलं, तो भाग वेगळा.) तिथली ‘डिपरमाउथ ब्लूज’ आवर्जून ऐका. आवाज जुनाट आहे, खरखर आहे. पण कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन एकाच वेळी आपापलं बोलतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. मग ऑलिव्हर एकटा पुढे येतो. कॉर्नेटच्या तोंडाशी झाकण हलवत तो सुराला कुरकुरायला, आर्जवं करायला लावतो. हा तुकडा पुढच्या वादकांनी जसाच्या तसा पाठ केला.

‘सेंट लुईस ब्लूज’ ही डब्ल्यू. सी. हँडींची १९१४ची रचना. ती १९२५ साली बेसी स्मिथनं गायलेली ऐकावी. साथीला दोघंच, आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आणि चक्क हार्मोनियम! पेटी सूर धरून ठेवते, बाई ओळ सावकाश ओढत नेतात आणि ओळ संपली की कॉर्नेट उत्तर देतो. सारंगीची साथ ऐकलेल्या कानांना हे परकं वाटणार नाही.

आता ‘वेस्ट एंड ब्लूज’. ही धून ऑलिव्हरची. ११ जून १९२८ रोजी त्यानं ती मुद्रित केली आणि अवघ्या सतरा दिवसांनी आर्मस्ट्राँगनंही केली. शिष्याची तबकडी सुरू होते ती कुणाच्याही साथीविना. एकट्या ट्रंपेटची झेप, वर जाते, गिरक्या घेत खाली येते. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो, मधे क्लॅरिनेटशी शब्दांवाचून चाललेलं गुणगुणणं आणि शेवटी एक उंच सूर, जो तो इतका वेळ धरून ठेवतो की आपलाच श्वास अडकतो. धून गुरूची, पण जगानं लक्षात ठेवली ती शिष्याची. आपल्याकडे गोव्याच्या चिक चॉकलेटनं याच आर्मस्ट्राँगला आदर्श मानलं आणि त्याचा ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या संगीतात घुमला.

ऑलिव्हरचं पुढे काही जमलं नाही. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबचं काम पैसे कमी म्हणून त्यानं नाकारलं, ते ड्यूक एलिंग्टनला मिळालं आणि एलिंग्टनचं भाग्य उजळलं. त्यात हिरड्यांचा आजार. कॉर्नेट वाजवणाऱ्याचे दातच गेले तर त्यानं करायचं काय? १९३७मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात आर्मस्ट्राँगला तो भाजी विकताना भेटला. आर्मस्ट्राँगनं आणि त्याच्या वादकांनी खिशात होते ते पैसे त्याला दिले. संध्याकाळी पापा जो नव्या कपड्यांत, ऐटीत कार्यक्रमाला हजर, असं आर्मस्ट्राँगनंच सांगून ठेवलं आहे. त्यानंतर बिलियर्डच्या एका अड्ड्यावर झाडलोट करत ऑलिव्हरनं दिवस काढले. एप्रिल १९३८मध्ये तो गेला.

‘वेस्ट एंड ब्लूज’च्या दोन्ही तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. एकापाठोपाठ एक ऐका, आणि आधी पापा जोची लावा.