वडधम जीवाश्म उद्यान

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातील जीवाश्म-क्षेत्र. महाराष्ट्र वन विभागाने राखलेल्या या सागवानी रानात दगड झालेली झाडांची खोडे आहेत आणि परिसर डायनासोरच्या अवशेषांसाठी ओळखला जातो. विदर्भाचा भूशास्त्रीय इतिहास प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येईल अशा जागा थोड्या आहेत. त्यांत वडधमचे स्थान फार वरचे.

असे जीवाश्म पश्चिम विदर्भात का सापडत नाहीत, याचे उत्तर वाशीमसारख्या जिल्ह्यात मिळते. वाशीमची जवळपास सर्व भूमी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची, म्हणजे दख्खनच्या काळ्या बेसाल्टची आहे. कारंजा-सोहोळ या काळविटांच्या अभयारण्यातील (सुमारे १८ चौ. किमी.) माळावर पातळ मातीखाली मुरूम आणि त्याखाली हाच खडक लागतो. तापलेल्या लाव्ह्यात हाडे किंवा पाने क्वचितच टिकतात. दोन लाव्हाथरांमधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात मात्र जीवाश्म मिळतात. नागपूरजवळचे टाकळी हे त्याचे जुने, प्रसिद्ध ठिकाण. वाशीममधून जाणारी पैनगंगा, तसेच तिला मिळणाऱ्या अडाण आणि अरुणावती यांचे पाणी पुढे वर्धेतून प्राणहितेत येते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. एवढ्या वाटेत नदीखालचा खडक पार बदललेला असतो.

सिरोंचा परिसरातील खडक गाळाचे आहेत : वालुकाश्म, तांबडी-करडी माती आणि मधूनच चुनखडीचा पट्टा. हा ‘कोटा शैलसमूह’ होय. प्राणहितेच्या काठावरील कोटा या गावावरून हे नाव पडले. त्याचे वय प्रामुख्याने पूर्व ज्युरासिक, सुमारे १८ कोटी वर्षे. बेसाल्टहून तो अकरा-बारा कोटी वर्षांनी जुना. चुनखडी तळ्यात साचलेली असल्याने तिच्यात खवल्यांसकट माशांचे ठसे टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते भूवैज्ञानिकांना ठाऊक आहेत. नागपुरात राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीही त्यांकडे लक्ष वेधले होते. उडणारे सरपटणारे प्राणी, कासव आणि अगदी आरंभीचे, चिचुंद्रीएवढे सस्तन प्राणीही याच शैलसमूहाने दिले.

सर्वांत मोठा शोध ‘बारापासॉरस टागोराय’ या डायनासोरचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भूविज्ञानाचे काम सुरू केले आणि ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांचे त्याला मार्गदर्शन लाभले. त्या संस्थेच्या चमूला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील पोचमपल्लीजवळ १९५८ मध्ये पहिली हाडे दिसली. १९६०-६१ मध्ये मोठे उत्खनन झाले. किमान सहा प्राण्यांची सुमारे ३०० हाडे एकाच जागी, मोठमोठ्या झाडांच्या खोडांत मिसळलेली होती. एखाद्या मोठ्या पुराने झाडे आणि जनावरे एकत्र वाहून आणली असावीत, असा अर्थ संशोधक लावतात. कवटी मिळाली नाही, फक्त काही दात मिळाले. सुमारे १४ मी. लांबीच्या या शाकाहारी प्राण्याचे नामकरण १९७५ मध्ये झाले. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीची आठवण त्यात आहे. खोऱ्याच्या तेलंगणातील भागात, यमनपल्लीला मिळालेल्या ‘कोटासॉरस’ या दुसऱ्या डायनासोरचे वर्णन १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले.

वडधमची खोडे तोडून पाहण्याची गरज नाही. त्यांच्या पृष्ठभागावरच लाकडाचे धागे ओळखू येतात. गाळात गाडल्या गेलेल्या लाकडात सिलिकायुक्त पाणी मुरत गेले, पेशी-पेशीत गारगोटीचे द्रव्य बसले आणि रचना जशीच्या तशी राहिली. राजस्थानच्या वाळवंटात, जैसलमेरजवळच्या आकल जीवाश्म उद्यानातील खोडेही ज्युरासिक काळातलीच. तिथल्या उघड्या माळावर ती लांबूनच दिसतात. वडधमला पालापाचोळा आणि झुडुपे त्यांना झाकतात, म्हणून इथे वाट दाखवणारा स्थानिक माणूस बरोबर असणे चांगले.

बारापासॉरसचा सांगाडा कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात, तर कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. महाराष्ट्राकडे उरले आहे ते जमिनीतले. जीवाश्म कोणत्या थरात, कोणत्या दिशेला, कशाशेजारी पडला होता, हे कळले तरच त्यातून पूर, तळे आणि जंगल वाचता येते. खिशात घालून नेलेला तुकडा शास्त्राच्या दृष्टीने बहुतांशी वाया जातो. भूवारसास्थळांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. वडधमला जाणाऱ्यांनी फोटो जरूर काढावेत, पण एकही दगड उचलू नये आणि नवे काही दिसल्यास ते जागेवरच ठेवून वन विभागाला कळवावे.