तेलाच्या तवंगाचे रासायनिक ठसे

खुल्या समुद्रात तेलाचा तवंग दिसला की पहिला प्रश्न उभा राहतो तो हे तेल आले कोठून, हा. टाक्या धुऊन पुढे निघून गेलेले जहाज, फुटलेली तेलवाहिनी, गळकी विहीर किंवा समुद्रतळातील नैसर्गिक पाझर, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. दोष कोणाचा व भरपाई कोणी द्यायची, हे या उत्तरावरच ठरते. ते शोधण्यासाठी तेलाचे ‘रासायनिक ठसे’ घेतले जातात.

खनिज तेल हे हजारो संयुगांचे मिश्रण असते आणि या संयुगांचे परस्परप्रमाण निरनिराळ्या साठ्यांत निरनिराळे असते. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्रांनी ती विलग करून मोजता येतात. पाण्यावर आलेल्या तेलातील हलकी संयुगे लवकर उडून जातात. ऊन व जिवाणू उरलेल्या तेलाचे रूप पालटतात. प्राचीन जीवांच्या अवशेषांतून निर्माण झालेली होपेन, स्टेरेन यांसारखी संयुगे मात्र दीर्घकाळ टिकतात. तुलनेची भिस्त मुख्यत्वे त्यांच्यावरच असते.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर सुरू झालेली तेलगळती १५ जुलै रोजी थांबली आणि सप्टेंबरमध्ये विहीर कायमची बुजवण्यात आली. मात्र सप्टेंबर २०१२ मध्ये त्याच परिसरात पुन्हा तवंग दिसला. बुजवलेली विहीर पुन्हा गळू लागली की काय, अशी भीती निर्माण झाली. अमेरिकी शास्त्रज्ञांनी तवंगाचे नमुने तपासले. तेलाचा ठसा त्याच विहिरीशी जुळला. पण त्यात ओलेफिन संयुगेही आढळली. ही संयुगे तेथील खोदकामाच्या द्रवात होती, विहिरीतील मूळ तेलात नव्हती. त्यामुळे हे तेल विहिरीतून नव्हे, तर बुडालेल्या रिगच्या सांगाड्यातून झिरपत असल्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोव्याच्या किनाऱ्यांवर वाहून येणाऱ्या तेलाच्या काळ्या गोळ्यांचे, म्हणजेच ‘टारबॉल’चे मूळ शोधण्यासाठी दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही हीच पद्धत वापरली आहे. मात्र ठसा जुळवायचा तर संशयित तेलाचा नमुनाही हाती असावा लागतो. रात्रीच्या अंधारात टाक्या धुऊन जहाज निघून गेले, तर ठसा उरतो, पण तो कोणाचा हे सांगता येत नाही.